सिंगल चॅनल एबीएसची गाडी माजलगाव-धारूर पट्ट्यात: पावसाळा आणि ऊसहंगाम काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो, कारणं मग. एबीएसची (म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्राची) मोटारसायकल घ्यावी, पैसे वाया जात नाहीत. पण एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, आणि आपल्याकडं बरेच लोक पुढचा ब्रेक धरतच नाहीत. जन्मभर पायानंच ब्रेक मारणाऱ्या माणसानं एबीएसचे पैसे मोजले, तरी तो चालवतो ती बिनएबीएसचीच गाडी.

माझं काम ठिबकचं, त्यामुळं दिवसभर शेतं फिरणं. राहायला माजलगाव (जि. बीड), आणि तेलगाव, धारूर, पाथरी, गेवराई हा रोजचा पट्टा. गाडी १५० सीसी, पुढं डिस्क, मागं ड्रम, टायर ट्यूबलेस. मृगाच्या तोंडावर घेतली, आता कारखान्यांचे पट्टे पडायला आलेत, म्हणजे ऊसहंगाम संपत आलाय. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण लिहायचंय ते ब्रेकबद्दल. मायलेजसाठी दुसरीकडं बघा.

नियम थोडक्यात असा: १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. नव्या मॉडेलला १ एप्रिल २०१८ पासून, बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०१९ पासून. १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस लागतं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. शंभर सीसीवाल्यांनी हे लेखन सोडून देऊ नये, सरावाचा भाग त्यांच्याही कामाचा आहे.

एबीएस काय करतं? पुढच्या चाकाजवळ एक दातेरी कडं आणि त्याला लागून सेन्सर असतो. ब्रेक जोरात लागून चाक जाम व्हायला आलं की सेन्सरला ते कळतं आणि यंत्र ब्रेकचा दाब क्षणभर सोडून पुन्हा धरतं, सेकंदात अनेकदा. चाक फिरत राहिलं तर हँडल तुमच्या ऐकण्यात राहतं. चाक जाम झालं की गाडी हँडलचं ऐकत नाही, माणूस जमिनीवर येतो. हे यंत्र त्यापासून वाचवतं, बस. गाडी कमी अंतरात थांबवायचं काम बोटांचंच.

आणि बोटांना तर लहानपणापासून उलटी शिकवण. आमचे आबा अजून ओरडतात, "पुढचा धरू नकोस रे, डोक्यावर पडशील!" आबांचं अगदीच खोटं नाही. जुन्या गाड्या, गुळगुळीत टायर, मुरमाचे रस्ते आणि घाबरून एकदम आवळलेला पुढचा ब्रेक, यात माणसं खरंच पडायची. पण त्यातला गुन्हेगार ‘एकदम आवळणं’ आहे, पुढचा ब्रेक नाही. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं येतं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट चिकटतं, मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकावर सगळा भार टाकला तर ते जाम होऊन घसरत जातं आणि गाडी ढुंगण फिरवते. नुसत्या मागच्या ब्रेकनं मिळणारी ताकद दोन्ही मिळून मिळणाऱ्या ताकदीच्या जेमतेम निम्मी असते.

ताशी ६० ला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. समोरचं दिसून हात हलेपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं, ब्रेक अजून लागायचाच असतो. शिवाय वेग ४० चा ८० केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. मला या हिशोबानं पाथरी रोडवर साठीच्या आत आणलं, पोलिसांच्या भीतीनं नाही.

आता सराव. गावाबाहेर एनए प्लॉटिंग पडलेलं आहे, आत डांबरी रस्ते आणि घर एकही नाही. रविवारी सकाळी तिथं जायचो. पहिल्या वेळी तिथली पोरं हसली, नंतर त्यातली दोघं आपापली गाडी घेऊन यायला लागली. सुरुवात ताशी २० पासून. गुडघ्यांनी टाकी दाबायची म्हणजे अंगाचा भार हातावर येत नाही. नजर लांब, चाकापुढच्या डांबरावर नाही. मग पुढचं लिव्हर दोन बोटांनी आधी फक्त टेकवायचं, गाडीचं नाक खाली बसू द्यायचं आणि मग दाब वाढवत न्यायचा, ओला कपडा पिळतो तसा. पाय मागच्या ब्रेकवर हलकाच. क्लच अगदी शेवटी. २० ला अंगात बसलं की ३०, मग ४०.

एबीएस पहिल्यांदा लागतं तेव्हा लिव्हर बोटांना आतून ठकठक ठोके देतं. काहीतरी तुटलं असं वाटून माणूस दचकून ब्रेक सोडतो, आणि इथंच घात होतो. ऐन ट्रॉलीच्या मागं ब्रेक सोडला तर एबीएस काय करणार? माझ्या मते सगळा सराव या एकाच गोष्टीसाठी करावा: ठोके आले तरी लिव्हर सोडायचं नाही. मोकळ्या जागेत ठोके ओळखीचे करून घेतले की रस्त्यावर हात आपोआप धरून ठेवतो.

दुसरं शिकलो ते चुकवणं. वेगात गाडी उजवीकडं न्यायची तर उजवं हँडल पुढं ढकलायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण २५-३० च्या वर दुचाकी अशीच वळते, आपण सगळे नकळत तेच करतो. मुद्दाम करायला शिकलं की खड्डा किंवा दगड झटकन चुकवता येतो. मात्र चुकवताना ब्रेक नको. आधी ब्रेक, मग वळण, नाहीतर आधी वळण, मग ब्रेक. आणि ज्याच्याकडं टक लावून बघाल त्याच्यावरच जाल, म्हणून दगडाकडं न बघता शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघायचं.

खरी परीक्षा उसाच्या हंगामात झाली. दिवाळीनंतर आपल्याकडं संध्याकाळी रस्त्यावर काय असतं ते सांगायला नको. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला ऊस, वर टेपवर गाणी एवढी मोठ्यानं की ट्रॅक्टरवाल्याला मागचा हॉर्न ऐकू येणं शक्य नाही. समोरून येणाऱ्यानं डिप्पर न मारता अप्पर ठेवला की दोन सेकंद काहीच दिसत नाही, आणि नेमकी त्याच काळोखात ट्रॉली उभी असते. समोरून प्रकाश आला की आता मी पहिल्यांदा वेग कमी करतो आणि नजर डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवतो. एकदा टालेवाडी फाट्याच्या अलीकडं असाच वेग आधीच उतरवलेला होता, ट्रॉली दिसली, दोन्ही ब्रेक धरले, लिव्हरनं ठोके दिले आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. एबीएस रस्त्यावर खऱ्या अर्थानं लागल्याचे प्रसंग मोजकेच, त्यातला हा एक. बाकी दिवस वेगानं आणि अंतरानं निभावतं. पुढचं वाहन एखाद्या झाडाजवळून गेलं की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचं. त्याआधी आपण झाडाजवळ पोचलो तर फार जवळ आहोत.

जिथं एबीएसचा उपयोग नाही तेही लिहायला हवं. सुट्या मुरमावर आणि खडीवर थांबायला उलट जास्त अंतर लागतं, कारण चाक जाम होऊ न देता ते ब्रेक सोडत राहतं. पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टर वर आला की काळ्या मातीचे लोंदे डांबरावर पडतात. त्यावर पाणी पडलं की साबण. तिथं कुठलाच ब्रेक नको, आधीच हळू व्हायचं आणि सरळ निघायचं. सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं असतं, त्याच्या कडेला लावलेले दगड रात्री तसेच राहतात. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं कधी आडवी येतील याला वेळकाळ नाही. एक रोही गेला की थांबा, मागं आणखी असतात.

साइडपट्टी हा वेगळाच विषय. नवे सिमेंट रस्ते छान झाले, पण बऱ्याच ठिकाणी कडेची माती वीतभर खाली खचलीय. ट्रकनं दाबलं की दुचाकी खाली उतरते, आणि माणूस घाईनं तिरकं वर चढायला बघतो. चाक कडेला घासतं आणि गाडी आडवी होते. एबीएस इथं बघ्याची भूमिका घेतं. खाली गेलात तर खालीच राहा, वेग पार उतरू द्या, मग मागचं बघून मोठ्या कोनात वर या. धारूरच्या घाटात हेच, शिवाय अरुंद वळणं. वळणात गाडी झुकलेली असताना हे साधं एबीएस सांभाळून घेईल या भरवशावर राहू नका. वेग वळणाआधी, गिअर खालचा, आणि ट्रकची शेपूट आपल्या बाजूला येते हे धरून डावीकडं.

हेल्मेटबद्दल दोनच ओळी. पूर्ण तोंडाचं, आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं घ्या, पट्टा लावा, मागे बसणाऱ्यालाही द्या (कायद्यानं दोघांनाही लागतं, दंड १००० रुपये आणि लायसन्स ३ महिने जाऊ शकतं). मे महिन्यात डोकं शिजतं हे खरं. काच कोरड्या रुमालानं पुसू नका, धुळीनं ओरखडे पडतात आणि रात्री समोरचा एक लाइट दहा दिसतो.

देखभाल फार नाही. चिखलात फिरून आल्यावर डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा गाडी चालू लागल्यावरही विझला नाही, तर आधी पुढच्या चाकाचा सेन्सर आणि कडं पाण्यानं धुऊन बघा, माझं दोनदा तेवढ्यानंच मिटलं. तरी पेटलेलाच राहिला तर एबीएस बंद आहे असं समजून चालवा, साधा ब्रेक लागतोच. पुढचं चाक काढायची वेळ आली तर दुकानदाराला कड्याबद्दल आधी सांगा, ठोकाठोकीत ते वाकतं. पुढचे पॅड मात्र लवकर बदलावे लागले. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, माझ्याकडं सगळ्यांचे मागचे लायनर जातात, तुमचेच पुढचे कसे गेले?" खर्चात ते धरून चला.