बायआउट: कोर्टात भांडावं की मोजून मोकळं व्हावं?

डिसेंबर २००७मध्ये रिच रॉड्रिगेझ वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं कोचपद सोडून मिशिगनला गेले. करारानुसार ४० लाख डॉलरचा बायआउट, म्हणजे करार मुदतीआधी सोडल्याबद्दल जुन्या विद्यापीठाला द्यायची रक्कम, भरणं आलं.

भांडायचं तर त्यांची बाजू अशी: सही दबावाखाली झाली, रक्कम कमी करू असं तोंडी आश्वासन होतं. पण स्वतःच्या सहीच्या कागदापुढे तोंडी शब्द कितपत टिकणार? वर वकिलांचं मीटर चालूच.

तडजोडीत पैसे जातात, पण ओझं वाटून घेता येतं. जुलै २००८मध्ये तेच झालं: २५ लाख मिशिगनने भरले, १५ लाख रॉड्रिगेझ यांनी, तेही तीन हप्त्यांत. वेस्ट व्हर्जिनियाने छदामही सोडला नाही! माझं मत तडजोडीलाच; फक्त ती पहिल्याच महिन्यात उरकायला हवी होती.