बॉडीगार्ड बघावेत की तोतये?

इटालियन धुडगूस-विनोद बघायचा असेल, तर दोन नावं हमखास समोर येतात. नेरी पारेंतीचा २००० सालचा 'बॉडी गार्ड्स' आणि एन्झो बार्बोनीचा १९८४ चा 'नॉन चे दुए सेन्झा क्वात्रो'. पहिल्यात बिनकामाचे अंगरक्षक नामवंत सुंदऱ्यांची राखण करतात. दुसऱ्यात बड स्पेन्सर आणि टेरेन्स हिल रिओमध्ये, जिवाला धोका असलेल्या दोन अब्जाधीशांचे तोतये होतात. मी दोन्ही पाहिलेत.

'बॉडी गार्ड्स' वाईट नाही. दिवाळीला आपल्याकडे अंक निघतात, तसे इटलीत नाताळाला हे सिनेमे निघत. मास्सिमो बोल्दीची भंबेरी बघण्यासारखीच आहे. क्रिस्तियन दे सिका (हो, थोर दिग्दर्शक वित्तोरिओ दे सिकांचे चिरंजीव) नुसत्या भुवईवर हशा काढतो. पण गंमत निम्मी तोंडात आहे. कोण मिलानी बोलतंय, कोण रोमन, कोण नेपल्सकर, यावरच सगळी मदार. माझं घोडं तिथेच अडलं. खाली सबटायटल वाचून मान वर करेपर्यंत वर कुणीतरी धडपडून झालेलं असतं! मग रिमोट घेऊन मागे जा. घसरून पडण्याचा विनोद दुसऱ्यांदा बघताना हसू येत नाही, निदान मला तरी. शिवाय मेगन गेल दिसली की इटालियन माणूस लगेच ओळखणार, कारण तिथे ती मोबाइलच्या जाहिरातींमुळे घरोघरी पोचलेली. आपण नुसते बघत बसतो.

स्पेन्सर-हिल जोडीचं उलट आहे. इटलीतसुद्धा त्यांना बहुतेक वेळा दुसऱ्यांचेच आवाज असत, म्हणजे विनोद आवाजात कधी नव्हताच. स्पेन्सर मुळात ऑलिम्पिकचा जलतरणपटू, कार्लो पेदेर्सोली. तो मूठ वर नेतो आणि गुंडाच्या टाळक्यावर सरळ खाली आणतो. गुंड क्षणभर तसाच उभा, मग डोळे फिरतात. वाचायचं काही नाही. आमच्याकडे आजी आणि नातू एकाच वेळी हसले. 'बॉडी गार्ड्स'च्या वेळी मात्र नातवाला मधूनच पाणी आणायला पाठवावं लागलं होतं.

तोतयांची गोष्ट मध्ये थोडी रेंगाळते, हे कबूल. इटालियन कानाला सरावलेलं असेल, तर कदाचित 'बॉडी गार्ड्स'च जास्त आवडेल. नसेल, तर मी आधी रिओला जाईन.