डबा, सुई, दुर्बीण की पुन्हा टेबल? ऑपरेशननंतर परत आलेल्या पाच-सात किलोंचा हिशेब

नऊ वर्षांपूर्वी माझं स्लीव्ह, म्हणजे वजन घटवण्यासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन, झालं तेव्हा काटा ११२ किलो दाखवत होता. दीड वर्षात तो ७२ वर आला आणि पुढे चार वर्षं तिथेच घुटमळला. मग ७४, मग ७६, आणि गेल्या गणपतीत ७८. मोदकांवर खापर फोडून पाहिलं, पण गणपती आमच्याकडे पाच दिवसांचे आणि वाढ तीन वर्षांची. मावसबहीण दारातच म्हणाली, "ताई, परत सुटायला लागलीस गं!" त्या रात्री झोप नाही. दुसऱ्या आठवड्यात एका दवाखान्यात गेले, तर तिथे पाच मिनिटांत पुन्हा ऑपरेशनची तारीख सुचवण्यात आली. मी तिथून उठून आले आणि वाचायला, विचारायला बसले. तुम्हीही अशाच सहा-सात किलोंपाशी अडला असाल, तर त्यातून जमलेलं हे सगळं तुमच्यासाठी.

आधी आकडा नीट वाचू. सहा किलो म्हणजे किती? मी घटवलेल्या ४० किलोंपैकी १५ टक्के. सर्वात कमी वजनाच्या मानाने ८ टक्के. मूळ ११२ च्या मानाने जेमतेम ५ टक्के. वाढ तीच, आकडे तीन. डॉक्टर "पंधरा टक्के परत आलं" म्हणाले तर धडकी भरते, "पाच टक्के" म्हणाले तर आपण घरी जाऊन चहा करतो. त्यामुळे कोणी टक्केवारी सांगितली की "कशाच्या?" एवढं विचाराच.

थोडं परत येणं हे अपवादाने होत नाही, ते बहुतेकांचं होतं. स्वीडनमधल्या एसओएस या मोठ्या अभ्यासात पोटाचा बायपास (छोटं केलेलं पोट थेट आतड्याला जोडणारं दुसरं ऑपरेशन) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटलं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्के होती. अमेरिकेतल्या लॅब्स-२ अभ्यासात बायपासनंतर तिसऱ्या ते सातव्या वर्षात सरासरी मूळ वजनाच्या ३.९ टक्के वजन परत आलं. म्हणजे ११२ किलोंच्या माणसाचे चार-साडेचार किलो. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा जरा हुश्श झालं. वजन घटल्यावर शरीर कमी ऊर्जेत चालायला शिकतं, भूक हळूहळू डोकं वर काढते, वय वाढतं, स्नायू घटतात. यात "तुझी जिद्द कमी पडली" हा भाग लोक समजतात त्यापेक्षा खूप लहान आहे.

म्हणून "काही न करणं" हाही पर्याय मी धरते. वजन सहा महिने स्थिर असेल, शुगर-बीपी ताब्यात असेल, गुडघे कुरकुरत नसतील, तर दर महिन्याला एकदा वजन लिहून ठेवायचं आणि बाकी जगायचं. माझं स्थिर नव्हतं, चढत होतं. फरक तिथे पडतो.

पर्याय निवडण्याआधी चोर शोधा

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण चुकीचं कारण धरून बरोबर उपाय केला तरी पैसे पाण्यात जातात.

मध्यंतरी नवीन गोळ्या सुरू झाल्यात का? स्टेरॉइड, इन्सुलिन, शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, मिर्टाझापिन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, मज्जातंतूंच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन, ही सगळी वजन वाढवू शकतात. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, पण यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. थायरॉइड तपासा. पाळी जायच्या वयात असाल तर तेही सांगा.

बायपासवाल्यांसाठी एक खास चोर आहे. गोड किंवा पिठूळ खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, एकदम गळून जाणं. ही साखर धाडकन खाली येण्याची लक्षणं असू शकतात. माणूस घाबरून पुन्हा बिस्किटं खातो, साखर पुन्हा वर जाते, पुन्हा कोसळते. दिवसातून तीनदा हे चक्र फिरलं की वजन वाढणारच, आणि त्यावर उपाय इंजेक्शन नाही, आधी निदान आहे.

दारूचंही उघड बोलू. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, ती लवकर आणि जास्त चढते. उष्मांक तर आहेतच, शिवाय सोबतचा चकणा.

आणि सर्वात मोठा चोर घरातलाच: चरणं. लहान झालेलं पोट एका वेळी फार घेत नाही, पण मऊ, विरघळणाऱ्या गोष्टी त्यातून सहज सरकतात. चहात बुडवलेली खारी, मूठभर चिवडा, मुलाच्या ताटातला उरलेला वरणभात, रात्री दोन चमचे आईस्क्रीम. भाकरी आणि चिकन खाताना चौथ्या घासाला पोट "बस" म्हणतं, फरसाण खाताना ते गप्प बसतं. मी आठ दिवस सगळं वहीत लिहिलं. जेवणं दिवसाला तीन होती, नोंदी चौदा.

डबा: पुन्हा पहिल्या वर्षाकडे

सर्वात स्वस्त, सर्वात कंटाळवाणा, आणि माझ्या मते प्रत्येकाने तीन-चार महिने प्रामाणिकपणे आधी करावा असा हा मार्ग. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हा ऑपरेशननंतरचा नियम आपण कधीच विसरलेलो असतो. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या जवळ. पातळ वरणाच्या वाटीत मात्र पाच-सहाच्या वर फार काही नसतं, आणि पोह्यांच्या बशीत त्याहून कमी. शाकाहारी घरात उसळ, पनीर, सोयाबीन आणि प्रथिनांची पावडर यांची मोट बांधावी लागते. संकष्टीच्या साबुदाणा खिचडीबद्दल मी काही बोलत नाही. माझ्या सासूबाईंनी स्वतःच "तू राजगिरा-दूध घे बाई" म्हणून सोडवलं.

पहिला घास प्रथिनाचा, पाणी जेवणासोबत न घेता अर्ध्या तासाने, साखरेचा चहा दिवसात एकच, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं. चालणं चांगलं, पण स्नायू टिकवायला ते एकटं पुरत नाही.

इंटरनेटवर "पाउच रीसेट" नावाचा प्रकार फिरतो: पाच दिवस फक्त पातळ पदार्थ, म्हणजे पोट पुन्हा आक्रसतं म्हणे. पाच दिवसांत पोटाचं माप बदलत नाही. वजन दोन किलो उतरतं ते पाण्याचं, सहाव्या दिवशी परत येतं.

मर्यादा सांगते. डब्याने माझे चार महिन्यांत तीन किलो गेले. भूक आटोक्यात होती म्हणून गेले. ज्यांची भूक पहिल्यासारखी पेटली आहे, त्यांना "डाएट नीट करा" सांगणं म्हणजे उपाशी माणसाला पाककृतीचं पुस्तक देणं.

सुई: भूक परत आली असेल तर

लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड. पहिलं रोज टोचायचं, बाकीची दोन्ही आठवड्यातून एकदा. ऑपरेशनमुळे आतड्यातून पाझरणारं जीएलपी-१ नावाचं, भूक शमवणारं संप्रेरक वाढतं. ही औषधं त्याच वाटेने जातात, म्हणून ऑपरेशन झालेल्या शरीरातही ती चालतात. लंडनमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ऑपरेशननंतर वजन पुरेसं न घटलेल्या ७० जणांपैकी ज्यांना २४ आठवडे लिराग्लुटाइड दिलं, त्यांचं वजन सरासरी ८.८ टक्के घटलं. औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनवाल्यांचं अर्धा टक्का. माझ्या ७८ किलोंवर ते लावलं तर जवळपास सात किलो, म्हणजे परत आलेलं सगळं.

मग अडचण काय? थांबवलं की काय होतं, ही. ऑपरेशन न झालेल्या लोकांवरच्या एका मोठ्या अभ्यासात सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे "तीन महिने घेऊन बघू" असा हा सौदा नाही. खर्चही तसाच दीर्घ धरायचा. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४३७५ रुपयांना होती. महिन्याला चार कुप्या धरा: चौदा ते साडेसतरा हजार. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे त्याचा भाव जुन्या लेखांतून घेऊ नका, आजच केमिस्टला विचारा.

आपल्यासारख्यांना एक जास्तीची काळजी. पोट आधीच लहान, त्यात भूक मेली, तर प्रथिनं आणि पाणी दोन्ही घटतात. उलट्या दोन-चार दिवस टिकल्या तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होऊ शकतं आणि त्याचा मेंदूवर, नसांवर परिणाम होतो. तेव्हा थेट डॉक्टरांना फोन. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, किंवा घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल, तर सुई टोचण्याआधी हे सांगायलाच हवं. मूल हवं असेल तर त्याचंही बोलून घ्या. जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून इंजेक्शनचं पेन घेणाऱ्यांना मी कोपरापासून हात जोडते.

दुर्बीण: बायपास झाला असेल तरच पुढे वाचा

तसं स्लीव्हलाही आतून टाके घालतात, पण या मार्गाची खरी ताकद बायपासमध्ये आहे. बायपासमध्ये छोट्या पोटाचं तोंड आतड्याला जोडलेलं असतं. ते साधारण दहा-बारा मिलिमीटरचं ठेवलेलं असतं आणि काही वर्षांत सैलावू शकतं. पंधराच्या पुढे गेलं की अन्न भरभर खाली उतरतं आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. तोंडातून दुर्बीण घालून ते तोंड टाक्यांनी किंवा आर्गॉन वायूच्या झोताने भाजून अरुंद करतात. पोटावर चीर नाही, बहुतेक जण लवकर घरी.

अशा टाक्यांच्या मोठ्या मालिकेत वर्षाने सरासरी साडेआठ टक्के आणि पाच वर्षांनीही तेवढीच घट टिकलेली दिसली. मात्र त्यातल्या बऱ्याच जणांना मध्ये औषधांची किंवा पुन्हा टाक्यांची जोड लागली होती. म्हणजे किलोंच्या हिशेबात सुई आणि दुर्बीण शेजारी-शेजारी बसतात. फरक इतकाच, की सुईचा खर्च दर महिन्याला आणि दुर्बिणीचा एकदम. तोंड सैल झालेलं नसेल तर दुर्बिणीचा खर्च वायाच. म्हणून आधी साधी एंडोस्कोपी (दुर्बिणीने नुसतं आतून पाहणं), मग निर्णय.

पुन्हा टेबल

थोडक्यात सांगते: नुसत्या सहा किलोंसाठी पुन्हा ऑपरेशन नको. एकदा हात लागलेल्या पोटावर पुन्हा काम करताना गळतीचा आणि रक्तस्रावाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. आतडं आणखी वगळलं तर लोह, बी-१२, कॅल्शियम, प्रथिनं यांची तूट जन्मभर सांभाळायची.

एका गोष्टीने मात्र माझं मत फिरतं: जळजळ. फिनलंडमधल्या स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना करणाऱ्या चाचणीत दहा वर्षांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना अन्ननलिकेला सूज होती, बायपासवाल्यांत ७ टक्के. रात्री आंबट पाणी घशाशी येतं, गोळ्यांनी भागत नाही, एंडोस्कोपीत सूज दिसते, अशा स्लीव्हवाल्याला बायपासमध्ये बदलणं हा योग्य विचार आहे. वजन त्यात वरकड उतरतं.

विम्याचंही इथेच. आपल्याकडच्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणाचं ऑपरेशन बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त आणि गंभीर आजार जोडीला असेल तर, तेही साधे उपाय हरल्यावर मंजूर होतं. माझी उंची १६० सेंटिमीटर, ७८ किलोंवर बीएमआय साडेतीस. खिशातूनच गेले असते, काही लाख.

तर माझ्यासारखं स्लीव्ह, जळजळ नाही, भूक आटोक्यात, चरण्याची सवय उघडी पडलेली: डबा. तेच स्लीव्ह, पण जेवल्यावर तासाभरात पुन्हा पोटात कावळे: डब्यासोबत सुई, आणि तीही बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) तपासून. बायपास आणि चार घासांऐवजी दोन पोळ्या सहज जाताहेत: आधी एंडोस्कोपी, मग दुर्बीण की सुई ते बोलायचं.

सध्या काटा ७५ वर आहे. डॉक्टरांशी बोलून दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. ७८ ओलांडलं तर पुन्हा आठ दिवसांची नोंदवही. ८२ झालं तर सुईचा विषय काढायचा, मावसबहीण काय म्हणाली याची वाट न बघता.