आठ महिने छोटा ट्रेकिंग स्टोव्ह वापरल्यावर: उकळी किती मिनिटांत ते विसरा, वाऱ्यात गॅस किती जातो ते बघा

कॅनिस्टरवर, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यावर, स्क्रू करून बसवायचा मुठीएवढा स्टोव्ह, बहुतेकांनी बघितलेला असतो, त्यामुळे वजन, वॅट वगैरे परत सांगत नाही. जुलैत घेतला १४५० ला. ऑक्टोबरात राजमाचीला झाडांच्या आडोशाला चार मिनिटांत चहा झाला आणि मी ग्रुपमधल्या तिघांना हाच घ्या म्हणून सांगितलं. डिसेंबरनंतर त्या तिघांना परत फोन करावे लागले.

डिसेंबरात खिरेश्वरहून टोलारखिंडीतून हरिश्चंद्रगडावर गेलो, कोकणकड्यापासून थोडं आत बसून चहा टाकला. तिथला वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना माहितीये, समोरून येतो तसा कड्याखालूनही वर येतो. अर्धा लिटर पाणी, १८ मिनिटं, आणि तरी उकळी नाही, नुसते बारीक बुडबुडे. ज्योत टोपाला लागतच नव्हती, आडवी होऊन बाहेर पळत होती. मी नॉब फुल केला, तर आवाज वाढला, पाणी आहे तिथेच. रात्री मॅगीच्या वेळी कॅनिस्टर जवळजवळ रिकामा. २३० ग्रॅमचा, साडेचारशे रुपयांचा, दोन दिवस चौघांना पुरायला पाहिजे होता. सकाळी चहाशिवाय उतरलो, बरोबर एक पहिल्यांदाच आलेला मुलगा होता, त्याच्यासाठी जास्त वाईट वाटलं.

परत आल्यावर मी गॅसला दोष दिला. स्वस्तातला साधा ब्युटेनचा होता. ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं थांबतं, आयसोब्युटेन उणे ११-१२ पर्यंत चालतं, प्रोपेन तर उणे ४२ पर्यंत, म्हणून थंडीत मिक्स गॅस घ्या असं सगळे सांगतात. पण गडावर त्या रात्री आठ-नऊ डिग्री असेल, म्हणजे गॅस मंदावेल, १८ मिनिटं नाही लागणार. आणि मंदावला असता तर संपला कसा एवढा?

मग एका रविवारी बिल्डिंगच्या गच्चीवर टेबलफॅन नेला आणि आईचा किचनमधला वजनकाटा. अर्धा लिटर पाणी, तोच टोप, झाकण लावून. फॅन बंद: चार मिनिटं, ७ ग्रॅम. फॅन दोनवर, चार हातावरून: ११ मिनिटं, २० ग्रॅम. जवळजवळ तिप्पट! म्हणजे दर कपामागे माझेच पैसे वाऱ्यावर जात होते. तेव्हा गॅसला ठेवलेली नावं मी मागे घेतो.

आता खरा मुद्दा, ज्यावर बॉक्सवर एक अक्षर नाही. बर्नरच्या तोंडापासून भांड्याच्या बुडापर्यंत अंतर किती? माझ्या स्टोव्हचे पाय उंच आहेत, टोप ठेवला की मध्ये दोन बोटं जातात, त्या फटीतून वारा आरपार. मित्राच्या स्टोव्हचं बर्नर वाटीसारखं आत दबलेलं आहे, कडा वर, आणि भांडं जवळजवळ त्यावरच टेकतं. त्याच फॅनसमोर त्याला साडेपाच मिनिटं लागली. दुकानात बघायला गेलात तर वॅट विचारू नका, टोप घेऊन जा, ठेवा, बोट घालून बघा. लाज वाटायचं कारण नाही, पैसे तुमचे आहेत.

माझ्या स्टोव्हचे पाय कापून देणारा कोणी भेटला नाही, म्हणून आडोसा केला. तेलाचा १५ लिटरचा पत्र्याचा डबा कापून, कडा दुमडून, तीन बाजू बंद एक उघडी, आपल्या चुलीसारखं, पाठ वाऱ्याकडे, उघडी बाजू वाऱ्याच्या उलट. त्याने गच्चीवर ५ मिनिटं आणि ९ ग्रॅम. एक गोष्ट कृपा करून गांभीर्याने घ्या: असे स्टोव्ह कॅनिस्टरच्या डोक्यावर बसतात, चारी बाजूंनी गुंडाळलं तर उष्णता अडकून कॅनिस्टर तापतो आणि फुटू शकतो. मी दर मिनिटाला कॅनिस्टरला हात लावतो, हात ठेववत नसेल तर लगेच बंद. आणि वारा आहे म्हणून टेंटच्या आत पेटवू नका, आग तर आहेच पण कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, कळणारच नाही.

खटक्याबद्दल, म्हणजे दाबल्यावर ठिणगी पडून स्टोव्ह पेटतो त्या बटणाबद्दल, थोडक्यात. तिसऱ्या महिन्यात ठिणगी यायची बंद झाली, दुकानदार म्हणाला तो भाग वॉरंटीत नाही, नवा ३०० ला. भांडुपहून दोनदा फोर्टला गेलो, अर्धा अर्धा दिवस गेला, काही उपयोग नाही. मी २० रुपयांचा लायटर ठेवतो आणि आता तो खटका नसता तरी चाललं असतं असं माझं मत झालंय.

अजून एक, कॅनिस्टर लोकलमधून किंवा कुठल्याच ट्रेनमधून नेऊ नका, रेल्वेत गॅस न्यायला मनाई आहे. आम्ही बाइकवरून मुरबाड, माळशेज करत जातो. आणि रिकामा कॅनिस्टर खाली आणा, गडावर टाकलेले बघून जीव जळतो.

फेब्रुवारीत नाणेघाटाला तो पत्रा पाठीवर बांधून गेलो. भरलेला कॅनिस्टर निघताना ३८० ग्रॅम, घरी आल्यावर २६२. तीन माणसं, दोन दिवस, सहा चहा, दोनदा जेवण. उरलेला गॅस पुढच्या रविवारच्या कळसूबाईला चालेल, आणि त्या मुलाला मी परत बोलावलंय.