दहा हजार गेम्सचा डबा

जुने आर्केड गेम्स टीव्हीला जोडून खेळायचे तयार डबे हल्ली जिकडेतिकडे विकायला दिसतात. जाहिरातीत एक आकडा ठसठशीत असतो: दहा हजार गेम्स. मी मागवलेल्या डब्यावरही तोच होता, शिवाय १२८ जीबीचं मेमरी कार्ड आणि 'आयुष्यभराचं लायसन्स'. तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. आणि प्रत्येकीत फसवायची तऱ्हा वेगळी होती, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी आकड्याचं बघू. डबा सुरू केला की यादी येते, आणि ती कितीही सरकवली तरी संपत नाही. माणूस खूश होतो. पण नावं नीट वाचायला लागलं की गंमत कळते. 'पॅकमॅन' आहे, 'पक मॅन' आहे, 'हँगली मॅन' आहे, 'पिरान्हा' आहे, आणि खाली पुन्हा 'पॅकमॅन', नुसतं स्पेलिंग बदलून. पक मॅन हे नामकोच्या १९८० सालच्या त्याच गेमचं जपानमधलं मूळ नाव. हँगली मॅन आणि पिरान्हा या त्याच गेममध्ये थोडी उलटापालट करून कुणीतरी काढलेल्या नकला. 'स्ट्रीट फायटर टू'चं तर विचारूच नका. १९९१चा मूळ गेम, त्याच्या देशोदेशीच्या आवृत्त्या, मग 'चॅम्पियन एडिशन', तिच्याही आवृत्त्या, आणि वर 'रेनबो' नावाची नक्कल, जिच्यात लढता लढताच पात्र बदलता येतं. जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्रॅम, म्हणजे एमुलेटर, वापरणारे लोक मूळ गेमला पेरेंट आणि बाकीच्यांना क्लोन म्हणतात. जतन करणाऱ्यांसाठी यातल्या प्रत्येक आवृत्तीला महत्त्व आहे, त्यात वावगं काही नाही. विक्रेत्याला मात्र ती फक्त मोजण्यापुरती हवी असते.

बरं, जे गेम चालतात ते तरी धड चालावेत! 'डाँकी काँग'मध्ये मारिओ मुकाट चालतो आणि मुकाट उड्या मारतो. याचं कारण मला डब्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावल्यावर सापडलं. आत मेम या एमुलेटरची ०.३७ बी ५ ही २००० सालची आवृत्ती होती. त्या काळी डाँकी काँगमधले काही आवाज एमुलेट होत नसत, ते वेगळ्या साउंड फायलींमधून वाजवावे लागत. त्या फायली डब्यात टाकायचे कष्ट कुणी घेतलेच नव्हते. पॅकमॅनचं मूळ चित्र उभं असतं, २२४ बाय २८८ पिक्सेलचं. ते आडव्या टीव्हीभर ताणल्यामुळे पॅकमॅन अंडाकृती दिसत होता. ही सेटिंग बदलायला खरं तर मिनिटभर पुरतं, पण सेटिंगच्या मेनूला पासवर्ड होता. हा पासवर्ड लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

यादीत बरंच खाली गेल्यावर गेम उघडेनासे झाले. नाव निवडायचं, पडदा काळा व्हायचा आणि परत यादी यायची. काहींचं कारण साधं होतं. 'किलर इन्स्टिंक्ट'सारख्या १९९४च्या गेमच्या मूळ यंत्रात हार्ड डिस्क होती, त्यामुळे रॉमसोबत, म्हणजे यंत्रातल्या चिपवरच्या मजकुराच्या फायलींसोबत, त्या डिस्कची पूर्ण प्रत असलेली सीएचडी फाइलही लागते. ती नव्हती, आणि असती तरी २०००ची मेम ती वाचू शकली नसती. पण साध्या, लहान गेम्सचंही तेच व्हायला लागलं तेव्हा संशय कार्डावर गेला.

बनावट कार्डाची युक्ती जुनीच आहे. कार्डातल्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला लावलेलं असतं. ती कॉम्प्युटरला सांगते १२८ जीबी, प्रत्यक्षात मेमरी असते त्याच्या अंशाएवढी. दहा पानांच्या वहीला शंभर पानांचं पुठ्ठ्याचं कव्हर घालावं तसं. फायलींची नावं सगळी दिसतात, कारण ती सुरुवातीच्या भागात लिहिलेली असतात. खरी जागा संपल्यानंतरचा मजकूर मात्र कुठेच नसतो, किंवा आधीच्याच मजकुरावर लिहिला जातो. नुसतं प्रॉपर्टीजमध्ये बघून यातलं काही कळत नाही, तिथे १२८च दिसतं. तपासायला विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री हे फुकट प्रोग्रॅम आहेत. ते मोकळ्या जागेत फायली भरतात आणि मग परत वाचून ताडून बघतात. कार्डावरचं आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, कार्ड रिकामं करा आणि मग तपासा. माझ्या कार्डात खरी जागा १६ जीबीच्या आसपास निघाली. तपासणीला तास न् तास लागतात, पण ती डबा आल्या आल्या करा. रिटर्नची मुदत संपल्यावर अहवाल हातात येऊन काही उपयोग नाही.

आता लायसन्स. विक्रेत्याला पासवर्डबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "प्रिय ग्राहक, तुमचं उपकरण अजून अॅक्टिव्हेट झालेलं नाही. अॅडव्हान्स गेम्स आणि सेटिंगसाठी मेम लायसन्स की घ्यावी लागेल." सोबत पैसे भरायची लिंक, आणि ती विक्रीच्या साइटच्या बाहेरची. मी भरले. की आली, चार आकडी. ती त्या मेनूचा पासवर्ड होता, दुसरं काही नाही.

यातला निर्लज्जपणा किती ते सांगते. मेमची लायसन्स की नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली हा एमुलेटर पहिल्यांदा प्रसिद्ध केला तेव्हापासून तो फुकट आहे, आणि २०१६पासून तर पूर्ण ओपन सोर्स आहे. डब्यात जी जुनी आवृत्ती होती, त्या काळच्या मेमच्या अटींमध्ये तर विकायला आणि धंद्यात वापरायला सरळ मनाईच होती. म्हणजे ज्याला विकायचाच हक्क नाही, तो वर परवाना देतोय. गेम्सच्या रॉमचं आणखी वेगळं. त्यांचे हक्क ज्याच्या त्याच्या कंपनीकडे असतात, आणि अशा डब्यांचे विक्रेते ते विकत घेऊन बसलेले नसतात. म्हणून कुणीही 'लायसन्स', 'अॅक्टिव्हेशन' किंवा 'प्रो अनलॉक' म्हणाला की तिथेच ओळखा.

तक्रार केल्यावरचा खेळ या सगळ्याहून सफाईदार होता. मला तर वाटतं यांचा खरा धंदा तिथेच चालतो. पहिली पायरी, माफी आणि एक व्हिडिओ: 'असं असं करून बघा.' व्हिडिओत डबा रीस्टार्ट करायला शिकवलेलं. दुसरी पायरी, थोडे पैसे परत घ्या आणि डबा ठेवून घ्या. नाही म्हटलं की रक्कम किंचित वाढते. तिसरी, 'नवीन कार्ड पाठवलंय', सोबत ट्रॅकिंग नंबर, जो दिवसेंदिवस 'पार्सलची माहिती मिळाली' याच्या पुढे सरकत नाही. आणि चौथी, सगळ्यात धोक्याची: "डिस्प्यूट मागे घ्या, म्हणजे रिफंड लगेच सोडता येईल." डिस्प्यूट म्हणजे साइटकडे नोंदवलेली तक्रार; अनेक साइटवर ती एकदा मागे घेतली की पुन्हा उघडता येत नाही. सगळी गोड भाषा तक्रारीची मुदत उलटेपर्यंत तुम्हाला गुंतवून ठेवण्यासाठी असते. मी डिस्प्यूट चालू ठेवला. त्यात 'गेम चालत नाहीत' असं मोघम न लिहिता कार्डाच्या तपासणीचा स्क्रीनशॉट, जाहिरातीतला १२८ जीबीचा फोटो आणि पासवर्डच्या नावाखाली पैसे मागणारा मेसेज, एवढंच जोडलं. गेम्सच्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, 'यादीत दहा हजार नावं आहेत' असं ते बिनधास्त दाखवतात. कार्डाच्या जागेवर मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. डब्याचे पैसे परत मिळाले. लायसन्सचे बाहेरच्या लिंकवरून गेले होते, ते गेले ते गेलेच. साइटवाल्यांनी त्यात हातच घातला नाही.

कार्डातले जे रॉम शाबूत होते ते लॅपटॉपवरच्या नव्या मेममध्ये चालवून बघितले, तर निम्मेशिम्मे उघडेनात. मेमच्या आवृत्त्यांबरोबर रॉमचे संचही बदलत जातात, त्यामुळे २०००चा संच आजच्या मेमला अपुरा वाटतो. म्हणजे डब्यातला माल दुसरीकडे वापरता येईल हीही आशा धरू नका. एमुलेटर स्वतःच उतरवून घ्या. सुरुवातीला 'रॉबी रोटो' आणि 'ग्रिडली' हे गेम बघा. हक्कदारांच्या परवानगीनं मेमच्या स्वतःच्या साइटवर ते खासगी वापरासाठी मोफत ठेवलेले आहेत. कॅपकॉमचे जुने गेम 'आर्केड स्टेडियम' या त्यांच्याच संग्रहात मिळतात, आणि हॅम्स्टर कंपनी 'आर्केड आर्काइव्ह्ज'मध्ये एकेक गेम सुटा विकते. त्यांची यादी लहान दिसते, पण प्रत्येक नाव उघडतं.