आरोग्य सुधारणांचा प्राधान्यक्रम: रोगभार, खर्च-परिणामकारकता की बहुनिकष पद्धत?

राष्ट्रीय आरोग्य व्यवस्थेत आधी काय हाती घ्यायचं, हे पुराव्यावरून ठरवण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. तिन्हींची कामं वेगळी आहेत. कणा मात्र खर्च-परिणामकारकतेचाच असावा, असं आमचं मत.

रोगभाराची यादी सर्वांत लवकर हाती येते. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षं आणि आजारपणाचा, अपंगत्वाचा भार यांची बेरीज म्हणजे डॅली. दुखणं कुठे आहे ते यातून कळतं, पैसा कुठे लागू पडेल ते नाही. मृत्यूच्या कारणांची नोंद अपुरी असेल तिथे हे आकडे बहुतांशी गणिती मॉडेलमधून येतात, म्हणून त्यांच्या शेजारी छापलेली अनिश्चिततेची कक्षा आधी वाचावी.

आणखी एक निरोगी वर्ष मिळवायला किती खर्च येतो, हे खर्च-परिणामकारकता सांगते. कोणते उपचार सरकारी खर्चाने द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने बरीच वर्षं एका क्वालीमागे, म्हणजे पूर्ण निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे, 20,000 ते 30,000 पौंड हा उंबरठा, म्हणजे मान्य खर्चाची वरची मर्यादा, धरला होता. दुसऱ्या देशाचा उंबरठा जसाच्या तसा उचलू नका. तुमच्या बजेटला तो झेपेलच असं नाही.

हे गणित आंधळेपणाने लावलं तर काय होतं, ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने सरकारी खर्चाने द्यायच्या उपचारांची 1990 मध्ये केलेल्या यादीत दिसलं. दातावर कॅप बसवण्याचा खर्च सुमारे 38 डॉलर, फायदा किरकोळ. गर्भाशयाबाहेरच्या गर्भधारणेवरच्या शस्त्रक्रियेचा खर्च सुमारे 4,015 डॉलर, पण ती बाईचा जीव वाचवते. खर्चाला फायद्याने भागलं तर उत्तर जवळपास सारखंच आलं, आणि दाताची कॅप शस्त्रक्रियेच्या एक पायरी वर बसली! हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. पुढे यादी नव्याने रचावी लागली.

बहुनिकष पद्धतीत गांभीर्य, समन्याय, कुटुंबावरचा आर्थिक बोजा अशा निकषांना वजनं देऊन गुण मिळवतात. चूक इथेच होते: रोगभार आणि खर्च-परिणामकारकता दोन्ही निकष म्हणून धरले की आरोग्यलाभ दोनदा मोजला जातो. शिवाय बेरजेत, या उपायासाठी दुसरं काय सोडावं लागेल, हे दिसेनासं होतं. म्हणून निकष चर्चेसाठी ठेवा, बेरजेसाठी नको. थायलंडने डायलिसिस उंबरठ्यापेक्षा महाग पडत असूनही 2008 मध्ये सर्वांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत घेतलं, कारण त्यापायी कुटुंबं कर्जबाजारी होत होती. अपवाद करायचा तर असा, कारण उघड सांगून.

वेळ कमी असेल तर रोगभारावरून 20-30 उपाय निवडा, प्रत्येकाचा खर्च-परिणामकारकतेचा आकडा काढा आणि मगच समितीत निकषांवर बोला. प्रत्येक उपायापुढे पाच वर्षांचा एकूण खर्च आणि लागणारे परिचारिकांचे तास लिहा. कित्येक स्वस्त उपाय कागदावरच राहतात ते पैशाअभावी नव्हे, ते राबवायला माणसं नसतात म्हणून.