बॅटरी बदलून एक उन्हाळा काढला: जुन्या वॅगनआरचा अनुभव

नवी बॅटरी बसवल्यावर नागपूरचा पूर्ण उन्हाळा आणि मागोमाग पावसाळा काढला. ती कशी चालली ते सांगतोच. पण जुनी नेमकी तेव्हाच का काढली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बहुतेक जण बॅटरी बदलतात ती गाडी रस्त्यात बंद पडल्यावर, नाहीतर 'तीन वर्षं झाली, बदला' असं कुणी सांगितलं म्हणून. पहिल्यात माणसाची फरफट होते, दुसऱ्यात पैसे वाया जाऊ शकतात.

माझी जुनी बॅटरी बंद पडलेली नव्हती, रोज सेल्फ घेत होती. फक्त सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवली की स्टार्टर जड फिरायचा आणि डॅशबोर्डचे दिवे क्षणभर मंद व्हायचे. थंडीचे दिवस होते. बॅटरीचं आयुष्य खातो उन्हाळा, पण कळतं डिसेंबरात. ४५ अंशांच्या उन्हात आणि त्याहून तापलेल्या बॉनेटखाली आतल्या पट्ट्या झिजत जातात. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते, ऑइल घट्ट होतं, आणि इतके दिवस झाकलेलं दुखणं वर येतं.

साधा मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) घेतला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं, थोडा वेळ थांबलो आणि मोजलं. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला दिसतो, त्यामुळे सकाळीच मोजावं. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. माझी १२.४ दाखवत होती, म्हणजे तशी ठीक. पण घरच्यांनी सेल्फ मारला तेव्हा आकडा ९ च्या खाली गेला. सेल्फच्या वेळी साधारण ९.६ च्या खाली जाणारी बॅटरी संशयास्पद धरावी. इंजिन चालू असताना १४.२ येत होते, म्हणजे अल्टरनेटर (चालू इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्जिंग नीट करत होता. हे तिसरं माप कुणीही टाळू नये. ते १३.५ च्या खाली राहिलं तर दोष बहुधा चार्जिंगमध्ये असतो, आणि नवी बॅटरीही काही दिवसांत झोपते. खात्रीसाठी चार्जरवर पूर्ण चार्ज करून पुन्हा तेच केलं. सेल्फला आकडा तसाच कोसळला, तेव्हा निर्णय झाला.

बॅटरीवरच्या, चार्ज दाखवणाऱ्या छोट्या हिरव्या खिडकीवर मात्र विसंबू नका. आत सहा सेल असतात आणि ती खिडकी त्यातल्या एकाचीच अवस्था दाखवते. माझी शेवटपर्यंत हिरवीगार होती!

दुकानात सगळे पहिला प्रश्न विचारतात, एक्साइड की अमरॉन? माझ्या मते तो शेवटचा प्रश्न. आधी साइज बघा. माझ्या गाडीला ३५ अँपिअर-अवर क्षमतेची, ३८बी२०एल या साइज-कोडची बॅटरी लागते. शेवटचं अक्षर एल ऐवजी आर असेल तर टर्मिनल उलट्या बाजूला येतात आणि वायर पोचत नाही. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर ईएफबी किंवा एजीएम (वारंवार चालू-बंद सहन करणाऱ्या प्रकारची) बॅटरीच घ्यावी, साधी स्वस्त पडते म्हणून बसवू नये. मग उत्पादनाची तारीख. दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरी हळूहळू आपोआप उतरते आणि पट्ट्यांवर सल्फेट बसतं. मला दाखवलेली पहिली बॅटरी जुन्या साठ्यातली होती, ती परत केली आणि ताजी मागितली. वॉरंटीचे महिने ऐकताना त्यातले फुकट बदलीचे किती आणि उरलेल्या काळात नुसती सूट किती, हे वेगळं विचारा. जुनी तिथेच द्या. आतल्या शिशामुळे तिचे पैसे वजा होतात आणि ती रीतसर रिसायकलिंगला जाते.

बसवायला १० नंबरचा पाना पुरतो. काढताना आधी काळी (निगेटिव्ह) वायर, बसवताना आधी लाल (पॉझिटिव्ह). काळी जोडलेली असताना लालवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. क्लॅम्प घट्ट आवळा, कारण आपल्या रस्त्यांवर सैल बॅटरी हादरे खाऊन आतून झडते. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावा लागला, बाकी काही नाही. बॅटरी सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत काही वेळा नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, तिथे मेकॅनिकच बरा.

आता उन्हाळ्यानंतरचा हिशेब. सकाळी १२.६, सेल्फला १०.५ च्या वर. मेच्या उन्हात एसी चालू असतानाही कधी कुरकुर नाही. पावसाळ्यात टर्मिनलवर थोडी पांढरी पावडर जमली, ती सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडं करून व्हॅसलीन लावलं.

नाराजी एकाच गोष्टीची आहे, ३५ अँपिअर-अवर फार तुटपुंजी वाटते. बंद गाडीत ५० मिलिअँपिअर करंट जरी जात राहिला, तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. दहा दिवसांत बॅटरीचा एक तृतीयांश गेला, डॅशकॅम असेल तर त्याहून लवकर. म्हणून बाहेरगावी जाताना मी काळी वायर सोडून ठेवतो. परत आल्यावर पहिल्याच किल्लीला गाडी सुरू होते.